पुस्तकाचं पार्सल उदगीरला का गेलं?

वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालबाईंची उत्तरं

ऑनलाइन पुस्तकं मागवताना काय काय चमत्कारिक घडतं ते कळवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. परभणीला माझ्या दारात टपालाचा असा ढीग पडला की पोस्टमनमामांनी विचारलं, "बाई, घरात लग्न निघालं का?" व्हॉट्सअ‍ॅपवर आलं ते वेगळंच. त्यातलं निवडक इथं घेतलं आहे. "पुस्तक दुकानात जाऊन, हाताळून, वास घेऊनच विकत घ्यावं" असं बजावणारीही पत्रं आहेत, ती बहुतेक पुण्याहून. आमच्याकडे तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे गाइडं, वह्या, लग्नपत्रिकांचे नमुने आणि झेरॉक्स. वास येतो तो टोनरचा. कॉलेजच्या ग्रंथालयात होते तेव्हा एखादं पुस्तक हवं असलं की पुण्याला जाणारं कुणी भेटेपर्यंत थांबावं लागे. आज गंगाखेडच्या पोराला ते घरपोच मिळतं. त्याला वासाचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा मागवा खुशाल, फक्त डोळे उघडे ठेवून मागवा.

प्रश्न : मी अंबाजोगाईला राहतो. एका कादंबरीचं पार्सल मोबाइलवर रोज बघत होतो. भिवंडी झालं, सोलापूर झालं, लातूर झालं, आणि मग एकदम "उदगीर केंद्रात पोचले". दोन दिवसांनी मेसेज आला, "पत्ता अपूर्ण, पार्सल परत पाठवत आहोत". पत्त्यात अंबाजोगाई, जिल्हा बीड असं स्वच्छ लिहिलं आहे. या लोकांना वाचता येत नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : सर, तुम्ही पाठवलेल्या फोटोत पिनकोड ४१३५१७ आहे. तो उदगीरचा. अंबाजोगाईचा ४३१५१७. तुमचा पत्ता मोबाइलवर पुतण्याने भरला असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा पुतण्याला गाठा. पण फार रागवू नका. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाकडून ही अदलाबदल व्हायचीच.

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड आणि बीडचा बराचसा भाग ४३१ वर आहे. लातूर आणि धाराशिव मात्र सोलापूरच्या पंगतीला, ४१३ वर. बीड जिल्ह्यातल्याच आष्टी-पाटोद्याकडे गेलात तर अहिल्यानगरचा ४१४ सुरू होतो. पिनकोडला आपले जिल्हे, आपली आठ जिल्ह्यांची अस्मिता यांच्याशी काही देणंघेणं नाही. पहिला अंक विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपाल खात्याचा स्वतःचा, छाननीपुरता जिल्हा ठरतो, शेवटचे तीन डिलिव्हरी करणारं पोस्ट ऑफिस सांगतात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. त्या वेळी लातूर हा जिल्हाच नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला १९८२ मध्ये. नकाशे बदलले, आकडे तसेच राहिले.

आता गंमत बघा. ही पिनकोडची पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. कोकणातला मराठी माणूस, दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी. त्यांचं एक विलोमकाव्य प्रसिद्ध आहे. सरळ वाचलं की रामाची स्तुती, उलट वाचलं की कृष्णाची. अंक मागेपुढे झाले की अंबाजोगाईचं उदगीर होतं, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी त्याचाही श्लोक केला असता असं मला वाटतं.

कुरिअरची छाननी आधी पिनकोडवर होते. "अंबाजोगाई" हा शब्द माणसाच्या नजरेला पडतो तो थेट शेवटच्या केंद्रावर, आणि तिथला पोरगा म्हणतो की हा पत्ता आपल्या हद्दीत नाही. तो बरोबरच म्हणतो. अशा वेळी कुरिअरला फोन करून उपयोग होत नाही, कारण पत्ता बदलायचा अधिकार त्याला नसतो. ज्या साइटवर ऑर्डर दिली तिथं "पत्ता दुरुस्त करा" म्हणून कळवायचं, तेही पार्सल परतीला लागायच्या आत. आणि मोबाइलमध्ये जुना पत्ता साठवलेला असतो, तो खोडा. नाहीतर पुढचंही पुस्तक उदगीरचीच वारी करून येईल. उदगीरला २०२२ मध्ये साहित्य संमेलन झालं होतं, गाव पुस्तकांना सरावलेलं आहे, पण म्हणून तुमचं पुस्तक तिथं कशाला?

प्रश्न : मॅडम, साइटवर जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव सापडतच नाही. उस्मानाबाद निवडलं तर चालेल का? नियमात बसेल का?
— एक वाचक, तुळजापूर

उत्तर : चालेल. जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली. सगळ्या साइटींनी याद्या बदलल्या असं नाही. काही ठिकाणी दोन्ही नावं दिसतात, काही ठिकाणी एकच. पिनकोड बदललेला नाही, पार्सल त्यावरच येतं. पत्त्याच्या ओळीत धाराशिव लिहा, यादीत जे असेल ते निवडा.

संभाजीनगरकरांनी मात्र जरा जपून. यादीत "औरंगाबाद" दिसलं म्हणून पटकन बोट लावू नये. बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे, तिथला पिन ८ ने सुरू होतो. आणि नांदेडकरांची तर वेगळीच तऱ्हा. नकाशावर नुसतं "नांदेड" टाइप केलं की कधी कधी पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची नांदेड सिटी वर येते. एका नांदेडकर वाचकाचं पार्सल म्हणे तिथल्या सोसायटीच्या वॉचमनने ठेवूनही घेतलं! नकाशाच्या सूचनेवर बोट लावायच्या आधी पिन ४३१६ ने सुरू होतो का ते बघा. जगात जर्मनी, देशात परभणी, असं आम्ही छाती फुगवून म्हणतो. आमच्या नावाचा गोंधळ व्हावा असं दुसरं गाव निदान माझ्या ऐकिवात नाही.

प्रश्न : पुस्तक संभाजीनगरच्या प्रकाशकाचं. मी जालन्याला. मधे फार तर साठ किलोमीटर. तरी ते भिवंडीला जाऊन, तिथून पुण्याला जाऊन आठवड्याने माझ्याकडे आलं. एसटीने जाऊन मी स्वतः आणलं असतं तर दुपारी घरी जेवलो असतो.
— एक व्यापारी, जालना

उत्तर : भाऊ, तुम्ही पुस्तक प्रकाशकाकडून घेतलंच नव्हतं. पावतीवर "विक्रेता" म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. तो विक्रेता प्रकाशकाकडून पंचवीस-पन्नास प्रती आधीच उचलतो आणि त्या भिवंडीकडच्या गोदामात पडून असतात. तुम्ही ऑर्डर दिली तेव्हा पुस्तक संभाजीनगरात नव्हतंच, ते कधीचं मुंबईच्या वेशीवर जाऊन बसलं होतं. तिथून ते मोठ्या केंद्रावर, मग लहान केंद्रावर, मग तुमच्या दारात. गाड्या केंद्रा-केंद्रांमधे भरून धावतात, म्हणून त्यांना हा लांबचा फेरा स्वस्त पडतो.

जवळचा प्रकाशक असेल तर त्याला सरळ फोन करा. पुस्तकाच्या चौथ्या पानावर, जिथं आवृत्ती, मुद्रक, किंमत वगैरे बारीक अक्षरात असतं, तिथं नंबर असतो. पैसे यूपीआयने टाका आणि विचारा, "ज्ञान पोस्टाने पाठवता का?" पुस्तकांसाठी टपाल खात्याची ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. जमिनीवरून जातं, त्यामुळे विमानाची घाई नाही, पण ट्रॅकिंग मिळतं. दोनशे पानांचं साधं पुस्तक अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे विसात काम झालं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं आणि जाहिरातींचा मजकूर चालत नाही. जुने लोक अजून "रजिस्टर बुक पोस्टाने पाठवा" म्हणतात. रजिस्टर पोस्टच २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा खिडकीवर त्यावरून वाद घालू नका.

प्रश्न : एक जुना कथासंग्रह शोधत होते. छापील किंमत ९० रुपये. साइटवर ३,८५० रुपये. घ्यावा की नको या विचारात आठवडा गेला, तर ४,२०० झाला. एवढं काय आहे त्यात? लेखकाची सही वगैरे?
— एक गृहिणी, परळी वैजनाथ

उत्तर : ताई, सही असती तर जाहिरात केली असती. ही किंमत बहुधा कुणा माणसाने ठरवलेलीच नाही. अनेक विक्रेते किंमत ठरवायचं काम संगणकावर सोडून देतात. "समोरचा जेवढ्याला विकतो त्यापेक्षा थोडं कमी लाव" किंवा "त्याच्या इतके टक्के जास्त लाव" असा एकच नियम लिहून ठेवतात आणि झोपायला जातात.

असे दोघे एकमेकांच्या समोर आले तर काय होतं, ते २०११ मध्ये अमेरिकेत दिसलं. माशीच्या वाढीवरचं जीवशास्त्राचं एक पुस्तक होतं. त्याच्या नव्या प्रती विकणारे दोन विक्रेते. एकाचा संगणक दुसऱ्याच्या किमतीला ०.९९८३ ने गुणायचा, म्हणजे किंचित स्वस्त. दुसऱ्याचा संगणक पहिल्याच्या किमतीला जवळपास १.२७ ने गुणायचा. रोज हा खेळ. किंमत चढत चढत २ कोटी ३६ लाख डॉलरांच्या वर गेली. बर्कलीच्या एका जीवशास्त्रज्ञाने हा प्रकार जगापुढे आणला आणि मग ती शंभराच्या घरात आली. त्यातला महाग लावणारा विक्रेता तसं का करत असावा, याचा या शास्त्रज्ञाने बांधलेला अंदाज मला फार पटतो. त्याच्याकडे पुस्तकच नसावं. कुणी फसून मागवलंच, तर दुसऱ्याकडून घेऊन पाठवायचं आणि मधला फरक खिशात.

तुमच्या कथासंग्रहाचंही असंच असणार. पैसे भरले की आठवड्याने "प्रत उपलब्ध नाही" म्हणून परतही येतील. त्यापेक्षा आधी प्रकाशकाला विचारा. साइटवर "उपलब्ध नाही" म्हणजे साइटवर नाही, एवढंच. प्रकाशकाच्या माळ्यावर पाच-पंचवीस प्रती निघतात आणि जुनी छापील किंमत असली तर तो तेवढ्यालाच देतो. शासनाचं प्रकाशन असेल तर संभाजीनगरला शहागंजात शासकीय ग्रंथागार आहे. तिथं स्वस्तात मिळणारे खंड साइटवर चौपट-पाचपट किमतीला लावलेले मी पाहिलेत. साहित्य संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं मंडळाच्या वेबसाइटवर फुकट उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोश तर सगळाच नेटवर आहे. आणि तुमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात विचारलंत का? विचारा. वाचनालयाच्या कपाटात वीस वर्षं कुणी हात न लावलेली पुस्तकं काय काय असतात, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार!

प्रश्न : बाई, म्या एक आत्मचरित्र मागवलं व्हतं. कव्हर तेच, लेखक तोच, फोटो तोच. उघडून बघतो तं आतून समदं हिंदी! पैसे वापस मागितले तं म्हणलालेत, तुम्हीच नीट बघितलं नाही. खाली लोकांनी लिहेल होतं की भाषा लई गोड हाय म्हणून. कोणती भाषा?
— एक विद्यार्थी, सेलू, जि. परभणी

उत्तर : बाळा, "भाषा लई गोड" लिहिणाऱ्याने मराठी वाचलं होतं, नाहीतर इंग्रजी. साइट एकाच पुस्तकाच्या सगळ्या भाषांतल्या, सगळ्या आवृत्त्यांतल्या प्रतिक्रिया कधी कधी एकाच पानावर ओतते. त्यातल्या निम्म्या पुस्तकावर नसतातच. "खोकं चेपलेलं आलं, एक स्टार." लेखकाने त्यात काय पाप केलं?

कव्हर बघून पुस्तक मागवू नये. खाली तपशिलात "भाषा" असा रकाना असतो, तो बघ. पण त्यावरही पूर्ण भरोसा नको, कारण देवनागरी दिसलं की हिंदी असं भरणारे महाभाग आहेत. खरी खूण आयएसबीएन. तेरा आकड्यांचा नंबर, मागच्या कव्हरवर बारकोडच्या वर. मराठी आवृत्तीचा वेगळा, हिंदीचा वेगळा, त्याच मराठी पुस्तकाच्या पुठ्ठा बांधणीचाही वेगळा. भारतातल्या पुस्तकांचा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. २००७ च्या आधी तो दहा आकडी होता, जुन्या पुस्तकावर तसा दिसेल. ज्याच्याकडे मराठी पुस्तक असेल त्याच्याकडून हा नंबर घे आणि शोधाच्या चौकटीत नावाऐवजी तोच टाक.

नंबर उतरवताना चूक झाली का, तेही कळतं. पहिल्या आकड्याला १ ने गुण, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला १ ने, असं तेराव्यापर्यंत. सगळ्यांची बेरीज शून्यावर संपली पाहिजे. शेवटचा आकडा मुद्दाम तसा बसवलेला असतो. अंबाजोगाईच्या सरांच्या पिनकोडला असा शेवटचा राखणदार आकडा असता तर त्यांचं पार्सल वाचलं असतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करतोस असं लिहिलंयस, तर हे पाठ कर, कुठंतरी उपयोगी पडेल.

नावाने शोधायचंच असेल तर रोमन अक्षरांत तीन-चार तऱ्हेने लिहून बघ. ज्ञानेश्वरीचंच घे. कुणी सुरुवातीला डी-एन-वाय लावतं, कुणी जे-एन, कुणी जी-वाय. तिन्हीकडे वेगवेगळ्या प्रती निघतात आणि किमतीही वेगळ्या. माउलींचा जन्म पैठणजवळच्या आपेगावचा, आणि आपल्याच माणसाचा ग्रंथ आपल्याला तीन स्पेलिंगांनी धुंडाळावा लागतो. जुन्या पुस्तकांना आणि लहान प्रकाशकांच्या कित्येक पुस्तकांना हा नंबरच नसतो. आपल्या देशात तो फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था देते, तरी लोक घेत नाहीत. मग साइट स्वतःचाच काहीतरी नंबर चिकटवते, आणि एकच पुस्तक चार नंबरांखाली चार किमतींना दिसतं.

पैशांचं म्हणशील तर पुन्हा लिही. साइटच्या पानावर मराठी लिहिलेलं असेल आणि हिंदी आलं असेल, तर ती तुझी चूक नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेव, पान नंतर बदलतात. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. नाहीच ऐकलं तर १९१५ वर फोन कर, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

प्रश्न : कादंबरीत ८१ ते ९६ ही पानं दोनदा आहेत आणि ९७ ते ११२ नाहीतच. नायिका घर सोडून निघते आणि पुढच्या पानावर पुन्हा स्वयंपाक करते. आधी मला वाटलं नवीन पद्धतीचं लेखन असेल.
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : हसून पुरेवाट झाली. नवीन पद्धत नाही, जुनाच घोळ आहे. पुस्तक सुटं पान-पान छापत नाहीत. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापतात आणि तो तीनदा दुमडतात. त्याला फर्मा म्हणतात. तुमच्या पुस्तकात सहावा फर्मा दोनदा पडला आणि सातवा राहून गेला. बांधणीखान्यात फर्मे ओळीने उचलताना हात एकाच गठ्ठ्यावर दोनदा गेला की हे होतं. जुन्या पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली अगदी बारीक आकडा छापलेला असायचा तो याच्याचसाठी.

साइटला "पुस्तक खराब आलं" म्हणून परत केलंत तर त्याच गठ्ठ्यातलं दुसरं पाठवतील, त्यातही सातवा फर्मा नसण्याची शक्यता आहे. प्रकाशकाला पान ९६ आणि त्याच्या पुढच्या पानाचा फोटो पाठवा. बरेच प्रकाशक नुसत्या फोटोवर बदलून देतात, कारण त्यांनाही कळायला हवं असतं की अशा आणखी किती प्रती बाहेर गेल्या. आणि पुस्तक आलं की वाचायला सहा महिन्यांनी घ्यायचं असलं तरी पानांचे आकडे त्याच दिवशी चाळून बघा. दर सोळा पानांनी बघितलं तरी पुरे.

प्रश्न : शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक "नवीन" म्हणून ७०० रुपयांना घेतलं. आत प्रत्येक पान तिरपं, एका पानावर कुठल्याशा वाचनालयाचा गोल शिक्का, आणि एका ठिकाणी चक्क कुणाचं तरी बोट! ही चोरी नाही का?
— एक प्राध्यापक, लातूर

उत्तर : चोरी नाही सर, आळस आहे. आपल्याकडे लेखक वारल्यानंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं त्याचा हक्क राहतो, मग ते पुस्तक कुणीही छापावं. कुणीतरी ग्रंथालयातल्या प्रतीची स्कॅन नेटवरून उतरवली, तुमची ऑर्डर आल्यावर एकच प्रत छापली, वर कसलंही चित्र नसलेलं कव्हर घातलं. बोट स्कॅन करणाऱ्याचं. शिक्का ज्या वाचनालयाचा आहे त्यांना ७०० तले सात रुपयेही मिळालेले नाहीत. अशी पुस्तकं साइटवर लगेच ओळखता येतात. पानांची संख्या दिलेली नसते, कव्हर एकरंगी असतं आणि प्रकाशनाचं वर्ष शंभर वर्षांच्या जुन्या पुस्तकाला चालू वर्षाचं असतं. पैसे भरायच्या आधी इंटरनेट अर्काइव्हवर बघा. तीच स्कॅन तिथं फुकट असते, बोटासकट.

प्रश्न : ४५० चं पुस्तक ९९ रुपयांना! आलं तर अक्षरं पुसट, मागच्या पानाची छपाई पुढे दिसते. तरी वाचता येतं. तक्रार करू की गप्प बसू?
— एक नोकरदार, परभणी

उत्तर : करा. ही परवानगीशिवाय छापलेली नक्कल, म्हणजे ही मात्र चोरीच. पुस्तकावर जीएसटी नाही, तेव्हा करातून वाचवले म्हणावं तर तेही नाही. ९९ रुपयांत टपालखर्च, खोकं आणि साइटचं कमिशन वजा केलं की कागदालाही पैसे उरत नाहीत. म्हणजे लेखकाचा वाटा शून्य. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. विक्रेत्याच्या नावासह फोटो प्रकाशकाला पाठवा. आणि गावकरी म्हणून हक्काने सांगते, "वाचता येतं" हे कारण पुन्हा देऊ नका.

प्रश्न : आम्ही दोघं शेतावर असताना सासऱ्यांनी ४९९ रुपये देऊन एक पार्सल घेतलं. "सूनबाईचं पुस्तक असंल" म्हणून. आत रद्दी निघाली. मी काही मागवलंच नव्हतं.
— एक सूनबाई, केज

उत्तर : मामंजींचा हेतू चांगला होता, त्यांना बोल लावू नका. सून पुस्तकं मागवते हे गृहीत धरणारा सासरा मिळायला नशीब लागतं. घरात एकच नियम करा. मागवलेल्या पुस्तकाचे पैसे आधीच भरायचे, म्हणजे दारात पैसे मागणारं कुठलंही पार्सल आपलं नाही. ओटीपी मागितला तर पार्सल हातात आल्यावरच सांगायचा, फोनवर नाही. फोनवर सांगितला की गाडी अजून बसस्टँडवर असते आणि तिकडे "डिलिव्हरी झाली" लागलेलं असतं.

प्रश्न : चाळीस पानांचा कवितासंग्रह टीव्हीच्या खोक्यात आणि नऊशे पानांचा शब्दकोश नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत. ही काय अक्कल?
— एक कवी, नांदेड

उत्तर : गोदामात त्या वेळी जे खोकं हाताशी असतं ते लावतात. कुरिअरवाले मोठ्या खोक्याचं वजन काट्यावर करत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात आणि येईल ते किलो धरतात. तुमच्या कविता त्या दिवशी शब्दकोशापेक्षा जड भरल्या असतील! शब्दकोश मात्र पावसाळ्यात मागवू नका. परतीच्या पावसात पिशवीतून आलेला जाडजूड ग्रंथ पंख्याखाली आठ दिवस वाळवला तरी पाठीला बाक राहतोच.

प्रश्न : दरवर्षी दिवाळी अंकांचा संच ऑनलाइन मागवतो. दरवर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर येतो. उपाय?
— एक वाचक, अंबड

उत्तर : संच असतो म्हणूनच उशीर होतो. त्यातला सगळ्यात उशिरा निघणारा अंक येईपर्यंत बाकीचे खोक्यात बसून राहतात, आणि उशिरा निघणारा एक तरी अंक दर संचात असतोच. जे दोन-तीन अंक तुम्ही खरंच वाचता ते सुटे मागवा, थेट त्यांच्या कार्यालयातून, दसऱ्याच्या आत पैसे भरून. उरलेले संचातले कार्तिकात आले तरी बिघडत नाही. तसेही ते उन्हाळ्याच्या सुटीतच वाचले जातात.